श्वासाच्या जागा

“तुला कसं कळतं, मी श्वास कुठं घेणार ते?” निरंजननं विचारलं.

मी पायपेटीवरचे पाय थांबवले. रविवारची दुपार होती. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आम्ही दोघंच होतो. बाकीची मंडळी जेवायला गेली होती, ती चारला परत येणार होती. रस्त्यापलीकडं यंत्रमागांचे कारखाने होते. इचलकरंजीत रविवार असो की सण, कुठला ना कुठला माग चालूच असायचा, आणि त्या खटखटाटाची आम्हाला इतकी सवय होती की तो थांबला तरच लक्ष जायचं.

“सांग की. इनामदार सरसुद्धा म्हणाले, जयवंतची पेटी तुझ्याआधी अर्धा क्षण थांबते आणि तुझ्याबरोबर निघते. कसं काय?”

“सवय,” मी म्हटलं.

ते खरं उत्तर नव्हतं. गेले पाच महिने मी त्याच्याकडं बघत वाजवत होतो. श्वास घ्यायच्या आधी त्याचा डावा खांदा जरासा वर यायचा. वरच्या सुराला जाण्याआधी तो आवंढा गिळायचा. पेटीवाल्यानं गायकाकडं बघायचंच असतं, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. घरात नाही, कॉलेजात नाही, रस्त्यावर तर नाहीच. त्या पेटीमागं बसल्यावरच मला एखाद्या मुलाकडं तासन् तास बघायची मुभा होती.

मी सतरा वर्षांचा होतो, बारावीला. निरंजन माझ्याहून वर्षानं मोठा. त्याचे वडील उपाध्ये मालक. त्यांचा चोवीस मागांचा कारखाना होता आणि माझे बाबा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडं. पण बाबा तबलाही वाजवायचे, आणि त्या वर्षी आमच्या नाट्यमंडळानं कोल्हापूरच्या स्पर्धेसाठी ‘संगीत केतकीवन’ बसवायला घेतलं तेव्हा तबल्यावर बाबा, पायपेटीवर मी आणि राजपुत्र चित्रसेनाच्या भूमिकेत निरंजन असं ठरलं. नाटक आमच्याच गावातल्या एका जुन्या शास्त्रीबुवांनी लिहिलेलं होतं. बाहेर कुणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं, पण गावात म्हाताऱ्या माणसांना त्यातली पदं पाठ होती.

वर्गातली मुलं तेव्हा वहीच्या मागच्या पानावर मुलींची नावं लिहायची. मीही एक लिहून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर दाखवायला. माझ्यात जे चाललं होतं त्याला माझ्याकडं शब्दच नव्हता. जे शब्द होते ते शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर लिहिलेले असायचे, आणि ते मला स्वतःला लावून घ्यायचे नव्हते. नाटकात मात्र कशाची ददात नव्हती. ‘जिवलगा’ काय, ‘प्राणविसावा’ काय, सगळं मोठ्यानं, चारशे माणसांसमोर, टाळ्या घेऊन. सभागृहाच्या भिंतीवर मंडळाच्या एका जुन्या नटाचा फोटो होता. शालू, नथ, अंबाडा. दाजी त्यांचं नाव. ते केतकी करायचे तेव्हा गाव डोळे पुसायचं म्हणत. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला भर सभेत ‘नाथ’ म्हणत होता आणि गाव डोळे पुसत होतं! मी त्या फोटोकडं बघून हिशेब करायचो की मला जन्माला यायला पन्नास वर्षं उशीर झाला.

आमची केतकी म्हणजे वैजयंतीताई, शाळेत शिकवायच्या. त्या रविवारी त्यांना परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून त्या येणार नव्हत्या.

“दुसऱ्या अंकातला माझा प्रवेश घेऊया,” निरंजन म्हणाला. “केतकीचं पद संपतासंपता मी येतो ना, तिथं माझं चुकतं. ताईंचं पद तू म्हण.”

“मी?”

“मग कोण? इथं आणखी कोण आहे?”

मी पेटीवर सूर धरला आणि पहिल्यांदा थट्टेनं गायलो. आवाज बारीक काढून, मान वेळावून. तो हसत हसत विंगेतून आला.

“परत,” तो म्हणाला. “नीट म्हण. मला नक्की कुठं पाऊल टाकायचं ते कळत नाहीये.”

दुसऱ्यांदा मी पेटी वाजवलीच नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. हात मांडीवर ठेवले, विंगेकडं तोंड केलं आणि माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणायला लागलो,

“नाव न घेता हाक कशी मी देऊ,
उंबरठ्याशी अडले पाऊल, कशी मी येऊ…”

पद संपायला आलं तरी तो आला नाही. विंगेच्या कडेला तसाच उभा होता.

“आला नाहीस,” मी म्हटलं.

“छान म्हणतोस तू,” तो म्हणाला. “ताईंपेक्षा छान.”

त्या चार शब्दांनी मी वाहवलो. छाती इतकी धडधडत होती की समोरचा माग माझ्या आतच चालू आहे असं वाटलं.

“मी ते तुला म्हटलं,” मी म्हणालो.

“हो, मलाच ना. चित्रसेनाला.”

“चित्रसेनाला नाही. तुला.”

तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. जिन्याकडं त्यानं एकदा बघितलं, कुणी येत नाही ना म्हणून.

“म्हणजे?”

“म्हणजे… मला तू आवडतोस. तसा. केतकीला आवडतो तसा.”

तो मागं सरकला. मग स्कूटरची किल्ली उचलली.

“असलं काही परत बोलू नकोस,” तो म्हणाला. रागावून नाही, घाबरून. “कुणापुढंच बोलू नकोस, जयवंत.”

आणि तो जिना उतरून गेला. चारला मंडळी आली. निरंजनचं डोकं दुखतंय, तो घरी गेला, असं मी सांगितलं.

सोमवारी तो तालमीला आला नाही. मंगळवारीही नाही. स्पर्धेला नऊ दिवस होते ते सात झाले. मला एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचो आणि मिटायचो. दिवसातून तीनतीनदा सायकल काढून त्याच्या बंगल्यावरून जायचो, आणि तिथं पोचल्यावर मान खाली घालून इतक्या जोरात पायडल मारायचो की वर बघायचं राहूनच जायचं. मग पुढच्या चौकातून वळून परत. जेवताना माझा पाय ताटाखाली सारखा हलायचा.

“पाय धरून बस की,” आई म्हणाली. “काय पेटी वाजवालास काय इथं?”

बाबांनी वर बघितलं. ते कमी बोलणारे. “दोन दिस झालं, बोलंना झालाईस,” एवढंच म्हणाले.

“परीक्षा जवळ आलीय.”

“हं,” बाबा म्हणाले आणि भाकरी मोडली.

बुधवारी संध्याकाळी सहाला तालमीला गेलो तर इनामदार सर दारातच थांबलेले. निवृत्त संगीतशिक्षक, माझे पेटीतले गुरू. मनात असेल ते तोंडावर दिसायचं त्यांच्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

“जयवंत, जरा अडचण झालीय. निरंजनचा निरोप आलाय. म्हणतो, तुझ्या पेटीबरोबर त्याचं जमत नाहीये. सूर मागंपुढं होतोय म्हणे. सांगलीहून एखादा अनुभवी माणूस बोलवा, नाहीतर तो उभा राहणार नाही.”

मी चपला काढता काढता थांबलो.

“मला तर काही चुकताना ऐकू आलं नव्हतं रे,” सर म्हणाले. “पण आता सहा दिवसांत दुसरा चित्रसेन कुठून आणू?”

आत बाबा सतरंजीवर बसून तबला लावत होते. हातोडी थांबली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उठून दारापाशी आले.

“कोण म्हणालं, पेटी चुकती म्हणून?”

“निरंजन. ईश्वरराव, मी काय करू सांगा.”

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो. किती वेळ ते बघत होते कोण जाणे. मग त्यांनी पायात चपला सरकवल्या.

“कुठं निघालात?” सरांनी विचारलं.

“आलोच.”

खाली त्यांची सायकल स्टँडवरून काढल्याचा आवाज आला. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. वर मंडळी गद्य प्रवेश घेत होती. मला वाटलं, निरंजन बाबांना सगळं सांगणार. मग बाबा घरी येणार आणि पुढं काय ते मला दिसतच नव्हतं. पळून जायचं ठरवलं. कुठं, ते सुचेना. पंढरपूर, मुंबई, बेळगाव, सगळी नावं मनात येऊन गेली आणि मी पायरीवरून उठलोसुद्धा नाही. नखं मात्र सगळी खाऊन झाली.

तासाभरानं बाबा आले. घामाघूम झालेले. माझ्या शेजारून वर गेले, दोन पायऱ्यांवर थांबले आणि मागं न बघता म्हणाले,

“उद्या येतोय त्यो. तू पेटीवर बसायचंस.”

“काय म्हणाला?”

“गळा बरा हाय म्हणाला.”

“आणखी?”

“आणखी काय? चल वर, सा दे मला.”

मी वर गेलो. सा दिला. बाबांनी तबला लावला. घरी जाताना, जेवताना, दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा चेहरा चोरून बघत राहिलो. काहीच दिसलं नाही. म्हणजे त्यानं सांगितलं नव्हतं. त्यानं माझं झाकून घेतलं होतं. बाबांनी नुसती विनंती केली असणार आणि तो परत यायला तयार झाला असणार. सतरा वर्षांच्या मुलाला यातून जे दिसायचं तेच मला दिसलं. त्याच्याही मनात काहीतरी आहे.

गुरुवारी तो आला. माझ्याशी बोलला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. पण मुख्य पद सुरू झालं आणि मी दोन ओळीतच अडखळलो. त्यानं श्वासाच्या जागा बदलल्या होत्या. ‘दूर किनारा, एकली नाव माझी’ या ओळीत तो नेहमी ‘किनारा’नंतर थांबायचा, आता ‘एकली’ मध्येच तोडत होता.

“शब्द का तोडतोस?” इनामदार सर म्हणाले.

“असंच बरं पडतंय, सर.”

घरातला माणूस कुलूप बदलतो तसं ते होतं. मला कळलं, मी जिथून आत जात होतो ती वाट त्यानं बंद केली. तरी मी मनाला समजावलं की तो घाबरलाय, म्हणून करतोय. नवे श्वास शिकायला मला चार दिवस लागले, आणि तो रोज थोडे बदलायचा.

कोल्हापूरला आमचा प्रयोग संध्याकाळी पाचला होता. नाट्यगृह भरलेलं. रंगमंचापुढं खाली, डाव्या अंगाला मी आणि बाबा शेजारी शेजारी बसलो होतो. परीक्षक तिसऱ्या रांगेत. पहिले दोन अंक नीट गेले. वैजयंतीताईंनी ‘नाव न घेता’ म्हटलं तेव्हा मी मान खाली घालून नुसत्या पट्ट्या बघत वाजवलं.

तिसऱ्या अंकात निरंजन नदीकाठी एकटा असतो. केतकी गेली असं त्याला वाटतंय आणि तो ‘दूर किनारा’ गातो. नाटक सगळं या पदावर उभं होतं. पहिली ओळ त्यानं छान घेतली. अंतऱ्याला त्यानं पुन्हा शब्द तोडला, नको तिथं श्वास घेतला आणि वरच्या षड्जाशी पोचला तेव्हा त्याच्या छातीत हवाच उरली नव्हती. सूर चिरकला. तो थांबला.

हजार माणसांच्या सभागृहात गाणारा थांबतो तेव्हा काय होतं ते पेटीवाल्याला ठाऊक असतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. निरंजनचा चेहरा पांढरा पडला होता, मेकअपमधूनही दिसत होता. त्याच्या ओठांवर पुढचे शब्द नव्हते.

मला त्या क्षणी राग आला असता तर ते साहजिक होतं. आठ दिवस त्यानं मला जिवंतपणी सोलून काढलं होतं. पण राग आठवलाच नाही. माझी बोटं अंतऱ्याच्या सुरुवातीला गेली. ती ओळ मी एकट्यानं वाजवत नेली, तो पूर्वी गायचा तशी, आणि जिथं तो पूर्वी श्वास घ्यायचा तिथं बोटं उचलली. शेजारी बाबांनी ठेका इतका हलका केला की नुसती चाहूल राहावी. सगळं थांबून त्याची वाट बघत होतं.

निरंजननं खाली आमच्याकडं बघितलं. तसं त्यानं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. डोळ्यात पाणी होतं. आणि त्याचा डावा खांदा वर आला, जुन्या जागी श्वास घेतला, आणि वरचा षड्ज असा लावला की मागच्या रांगेतून कुणीतरी “अरे वा!” ओरडलं. पुढं तो आणि मी एकत्र गेलो. वन्समोअर मिळाला. दुसऱ्यांदा गातानाही त्यानं सगळे श्वास जुन्या जागी घेतले.

ती नजर मी उत्तर म्हणून घेतली.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटाच्या दाराशी उभा राहिलो. तो सगळ्यांना भेटत, हात मिळवत आला. माझ्यापाशी आला तेव्हा म्हणाला, “छान वाजवलंस.” आणि पुढं गेला. मला तेवढंही पुरलं. त्याला गायनाचं पहिलं बक्षीस मिळालं, जूनमध्ये तो इंजिनिअरिंगला गेला आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. त्या उन्हाळ्यात बाबांनी कारखाना बदलला, गावाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागले. मालकांशी पटेना एवढंच त्यांनी आईला सांगितलं.

पुढं मी पुण्यात आलो. नोकरी केली, पेटी सोडली नाही. ‘गे’ हा शब्द मला चोविसाव्या वर्षी मिळाला आणि तो घेऊन मी बरीच वर्षं इकडंतिकडं भटकलो. एकदोघे भेटले, राहिले नाहीत. प्रत्येकात मी ती एक नजर शोधायचो आणि ती नाही म्हणून कंटाळायचो. मग सलील भेटला. तो नाटकं बघत नाही, त्याला सूर कळत नाही, पण कार्यक्रमाहून मी उशिरा आलो तर जेवण झाकून ठेवून जागा राहतो. आम्ही एकत्र राहायला लागलो. घरी मी ‘रूम पार्टनर’ असं सांगितलं. आई लग्नाचं काढायची तेव्हा बाबा मधे पडायचे, “त्याला नको असंल तर कशाला मागं लागतीस?” मला वाटायचं, बाबांना या विषयाचा कंटाळा आहे. आई गेली तेव्हा सलील माझ्याबरोबर आला आणि दोन दिवस एस. टी. स्टँडसमोरच्या लॉजवर थांबला. मी त्याला घरी नेलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम होता, मी साथीला होतो. मध्यंतरात एक टक्कल पडलेला, चष्मा लावलेला माणूस आत आला.

“ओळखलंस?”

आवाजावरून ओळखलं. निरंजन. गाणं कधीच सोडलं म्हणाला. बायको आणि मुलगी बाहेर बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं शेजारच्या हॉटेलात चहाला बसलो. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण कपाचा कान नुसता फिरवत होता.

“मला तुझी माफी मागायचीय,” तो शेवटी म्हणाला. “तुझी पेटी चुकते म्हणालो होतो. ते खोटं होतं.”

“लहान होतो आपण. आणि तू बाबांना काही सांगितलं नाहीस, तेच माझ्यासाठी खूप होतं.”

त्यानं मान वर केली.

“काय म्हणतोस? मी त्यांना सगळं सांगितलं होतं.”

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी कप खाली ठेवला.

“ते कारखान्यात आले. मी आणि आमचे बाबा ऑफिसात बसलो होतो. त्यांनी मला बाजूला बोलावलं, मागांच्या मधल्या बोळात. तिथं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, तुला माहितीय. म्हणाले, पेटी कुठं चुकते ते सांगा. मला सांगता येईना. मग मी चिडून सांगून टाकलं. तू काय बोललास ते, शब्दाला शब्द. मला वाटलं, आता ते घरी जाऊन तुला मारतील. खरं सांगू, मला तेव्हा तसं व्हावं असंही वाटत होतं.”

“मग?”

“ते मला नेहमी ‘तुम्ही’ म्हणायचे, मालकांचा मुलगा म्हणून. त्या दिवशी ‘तू’ म्हणाले. विचारलं, ‘त्यानं तुझ्यावर जबरदस्ती केली?’ मी म्हटलं, नाही. ‘हात लावला?’ नाही. मग म्हणाले, ‘त्यानं सांगितलं, तू नाही म्हण. नाही म्हणायला तुला तोंड दिलंय देवानं. पण त्याच्या बोटांस्नी खोटं पाडू नगंस. त्यातलं तुला बी ठाऊक हाय आन मला बी.’” निरंजन थांबला. “आणि म्हणाले, हे तिसऱ्या माणसाला कळलं तर तुझ्या गाण्याला मी ठेका धरणार नाही आणि तुझ्या बापाच्या मागाला हात लावणार नाही. आमचे बाबा तेवढ्यात मागून बोळात आले होते, त्यांनी एवढंच शेवटचं ऐकलं. मालकाच्या मुलाला जॉबर धमकी देतो म्हणून चिडले, स्पर्धा संपेपर्यंत थांबले आणि मग तुझ्या बाबांना काढून टाकलं.”

माझा चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यालो.

“तरी तू त्या पदात माझ्याकडं बघितलंस,” मी म्हणालो. इतकी वर्षं जपलेली एवढी एक गोष्ट हातात राहावी असं वाटत होतं.

निरंजन थोडा गोंधळला. “तुझ्याकडं? नाही रे. तू त्यांच्या शेजारीच होतास. मी तुझ्या बाबांकडं बघत होतो. माझा जीव गेला होता तिथं. मला वाटलं, हा माणूस आता मला बरोबर पाडणार. आणि ते तबला वाजवत माझ्याकडं बघून मानेनं सांगत होते, घे, श्वास घे, घे बाळा.”

घरी आलो तेव्हा सलील जागा होता. मी त्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता खोलीत येरझाऱ्या घालत होतो. फोन उचलला आणि ठेवला. फोनचा उपयोग नव्हता. जन्म मागांच्या आवाजात काढलेल्या जॉबरचे कान म्हातारपणी राहत नाहीत. बाबांचे जवळजवळ गेलेच होते, आणि आणून दिलेलं श्रवणयंत्र ते कपाटात ठेवायचे.

“उद्या जाऊया,” मी म्हटलं. “तू चल. लॉजवर नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आमच्या गल्लीत शिरलो. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या सुशीलाकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, समोर दोघीजणी धुणं वाळत घालत होत्या. रस्त्यात मी वाक्यं जुळवली होती, हळू आवाजात म्हणायची, आत गेल्यावर म्हणायची. पण बाबांनी तिथंच विचारलं,

“हे कोण?”

“बाबा, हा सलील.”

“आं?”

“सलील!” मी ओरडलो. “पुण्यात माझ्याबरोबर असतो!”

“भाडेकरू?”

सुशीलाकाकूंचा हात सुपातच थांबला. सलील माझ्याकडं बघत होता. मी एकदा श्वास घेतला.

“नाही!” मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो. “आम्ही एकत्र राहतो, बाबा! संसार हाय आमचा! आईचा आणि तुमचा होता तसा!”

समोरच्या दोरीवर एक परकर अर्धाच टाकलेला राहिला. बाबांनी सलीलला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं. मग मला विचारलं,

“किती वर्सं झाली?”

“नऊ!”

“ओरडू नगंस, आलं ऐकू.” ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. “नऊ वर्सं ह्याला भाईर उभा केलाईस व्हय रं?”

आणि सलीलच्या हातातली पिशवी घेऊन ते आत गेले.